बिनकाचेची भिंत

परभणीत वसमत रोडला माझं फोटो-फ्रेमचं दुकान.
देव, पुढारी, वारलेले वडील,
दहावीत पहिली आलेली पोरगी, मास्तरांचं मानपत्र,
सगळ्यांना चार पट्ट्या, एक काच
आणि मागून हार्डबोर्ड ठोकून दिलाय.
तुमचं घर तर नुसतं चकाकत असेल,
गिऱ्हाईक म्हणतं.
माझ्या दातांत खिळे असतात, तेवढ्यावर भागतं.

घरात पिवळा डिस्टेंपर.
आधीच्या भाडेकरूच्या कॅलेंडराचा फिका चौकोन.
बस्स.

लग्नाच्या नवव्या दिवशी आमचाच फोटो आणला होता,
सागवानी पट्टी, चार एमएमची काच,
पलंगाच्या वर, बरोबर मधोमध.
सकाळी तो खाली, भिंतीला टेकून,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा.
पुन्हा टांगला. पुन्हा खाली.
तुला माझ्या धंद्याची लाज वाटते का,
मी विचारलं. जरा मोठ्यानं.
कालिंदा भाकरी थापत राहिली.

मग एका पहाटे उसाचे ट्रक गेले लागोपाठ,
मांडणीवरची भांडी किणकिणली.
जाग आली तर शेजारी कुणी नाही.
ती अंगणात, बोरीखाली,
प्रांजलीला छातीशी धरून, अनवाणी.
"ट्रक होते," मी म्हणालो.
"कळलं," ती म्हणाली.
"आत यायला जरा येळ लागतो."

लोहारा तालुका. सहा वर्षांची होती.
"भिंत पडती हे मला म्हाईत हाय.
पर त्याच्या आधी भिंतीवरचं पडतं.
आमच्या चुलतीवर आरसा."
एवढंच. पुढचं मी विचारलं नाही.
त्या रात्री मी नऊ वर्षांचा,
गणपती बुडवून आलेलो,
गुलालासकट झोपलेलो, परभणीत.

दुकानात कचऱ्याचं टोपलं उपसलं.
माऊंट कापला की मधला तुकडा उरतो,
त्याचे पैसे कधी कुणी दिले नाहीत.
तोच पुन्हा मधून कापला.
काच नाही, लाकूड नाही, खिळा नाही.
कणकेची खळ शिजवली.

आत काय लावायचं ते तिनं ठरवलं.
आईच्या वाकळेचा कोपरा,
त्यात कुणाचं धोतर, कुणाचा परकर,
ती बोट ठेवून नावं सांगते.
करडईचं काटेरी बोंड, वाळून सोनेरी.
आणि मी तिला बघायला गेलो त्या एसटीचं तिकीट,
माझ्या खिशातून ओसरीवर पडलेलं म्हणे.
अक्षरं केव्हाच उडालीत.
अगं, हा तर कोरा कागद आहे.
"असू द्या. मला वाचता येतंय."

घरमालक बिडवे मामा खिळे मोजायला आले,
एकही सापडेना.
दोनदा चहा घेऊन गेले.

शेवटी तिनं चिंधीचा एक राघू शिवला,
भुसा भरून, तोळाभर वजनाचा.
लांब धाग्याला बांधून छताच्या कडीला सोडला.
पंख्याचं वारं लागणार नाही असा कोपरा
शोधायला आम्हाला दोन दिवस लागले.
पाहुण्या बाया म्हणतात, किती गोड, पोरीसाठी का?
कालिंदा हो म्हणते.
रात्री दिवा मालवला की
रस्त्यावरच्या उजेडात ती त्याच्याकडं बघत राहते.
राघू गप असला की कूस बदलते.

लग्नाचा फोटो अजून जमिनीवरच आहे.
प्रांजली रांगत जाऊन
आमच्या तोंडांवर भाताची बोटं उमटवायची.
आता चालते, पलंगावर चढते.

काल तिनं टाचा उंचावून
राघूला जोरात फुंकर मारली.
तो गरागरा फिरला.
कालिंदा दचकली, मग हसली,
थोडी उशिरा, पण हसली,
आणि माझ्याकडं बघून आणखी हसली.

मी दारात उभा होतो.
पायात चप्पल नव्हती.